लंबगोल चर्चा

"बाई, चर्चा आमची असते ना? मग ती तुम्ही एकट्याच का करता?"

हा प्रश्न चिमणीचा नव्हता. म्हणजे तोंड तिचं होतं, पण प्रश्न तिच्या दोन मैत्रिणींनी मधल्या सुट्टीत डबा खाता खाता तयार केला होता. त्यातली एक चष्मिष आणि दुसरी ताडमाड. "हिंमत असेल तर विचारून दाखव," असं म्हणून दोघींनी तो चिमणीच्या गळ्यात बांधला, आणि चिमणीसमोर 'हिंमत असेल तर' म्हणणं म्हणजे उतारावरच्या सायकलला मागून ढकलणं. गेल्या वर्षीपर्यंत ती नावाप्रमाणे चिमणीच होती. हजेरीला 'हजर' म्हणाली तरी बाई दोनदा मान वर करून बघायच्या. मग वक्तृत्व स्पर्धेत तिला तिसरं बक्षीस मिळालं आणि जो कंठ फुटला तो फुटलाच. स्पर्धेत भाग घेणारे मुळात तिघेच होते, हा विषय घरात कोणी काढत नसे.

नागरिकशास्त्राच्या बाई फळ्यावर 'सहभाग' हा शब्द लिहून गेला अर्धा तास एकट्याच सहभागी होत्या. त्या थांबल्या. वर्गातला पंखासुद्धा जरा दबकून फिरू लागला. चष्मिष आणि ताडमाड या दोघींनी असे चेहरे केले की ही मुलगी कोण, कुठली, आमची हिची ओळखच नाही.

बाईंनी खडू ठेवला, हात झटकले आणि म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं."

याची तयारी कोणीच केली नव्हती. मैत्रिणींनी ओरडा खाण्यापर्यंतचा सगळा विचार करून ठेवला होता, पण बाईंनाच पटलं तर पुढे काय, हे राहूनच गेलं होतं.

"शुक्रवारची चर्चा तू घे," बाई म्हणाल्या. "विषय तुझा, पद्धत तुझी. मी गप्प बसते. अट एकच. चर्चा सगळ्यांची, म्हणजे सगळ्यांची. वर्गातलं एकही तोंड बंद राहता कामा नये."

"चालेल की," चिमणी म्हणाली.

"एकही," बाई पुन्हा म्हणाल्या, आणि त्यांची नजर शेवटच्या बाकाकडे गेली. चिमणीची नजरही त्यांच्या मागोमाग गेली, आणि मग तिच्या लक्षात आलं की 'चालेल' म्हणायच्या आधी मागे वळून बघायला हवं होतं.

शेवटच्या बाकावर नवी बसायची. तिला नाव होतं, पण ते म्हणताना सगळ्यांची जीभ अडखळायची, म्हणून 'नवी'. तिचे वडील पुलाच्या बांधकामावर होते. पूल जिथे, तिथे घर. घरची भाषा वेगळी, शाळेची वेगळी. वर्गात आल्याच्या पहिल्या दिवशी ती काहीतरी बोलली होती म्हणे, आणि त्या दिवसापासून तिने तोंडाला कुलूप लावलं ते आजतागायत. वह्या बघाव्यात तर मोत्यासारखं अक्षर, गणितं सगळी बरोबर. पण कोणी काही विचारलं की मान खाली.

तास संपल्यावर बाईंनी चिमणीला व्हरांड्यात गाठलं. "हे बघ, शुक्रवारी हेडसरही येणार आहेत. नवीला सोमवारपासून खाली आठवीत बसवायचं चाललंय. तिला आपलं बोलणंच कळत नाही, असं सगळ्यांचं मत आहे. शुक्रवारी चार शब्द बोलली तर कदाचित थांबेल."

"पण बाई, तिला कळतं. गणितं येतात की तिला."

"कळत असेलही." बाईंनी ओठ आवळले. "पहिल्या दिवशी मला फार चांगलं उत्तर दिलं होतं तिने." हे 'चांगलं' त्यांनी अशा काही सुरात म्हटलं की ते उत्तर कसं असेल याची कल्पना यावी.

अशा रीतीने, डबा खाता खाता सुचलेल्या एका प्रश्नापायी, एका मुलीची अख्खी इयत्ता चिमणीच्या हातात आली.

संध्याकाळी घरी पोचेपर्यंत चिमणीच्या डोक्यात चर्चेचा असा आराखडा तयार झाला होता की तिला साधं चालवेना, ती जिने दोन दोन पायऱ्यांनी चढली आणि दारातूनच सगळं सांगत सुटली. सांगण्यात एक चूक झाली: दार उघडं राहिलं. त्यांच्या इमारतीत दार उघडं ठेवून काही सांगणं म्हणजे जाहीर सभाच. समोरच्या काकूंचं दार कायम चार बोटं उघडं असायचं. हवा यावी म्हणून, असं त्या सांगायच्या. हवा आत जायची की नाही कोण जाणे, बातम्या मात्र नक्की जायच्या. आणि वरच्या मजल्यावरचे काका सरकारी खात्यातून निवृत्त झाले होते, पण खातं अजून त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं.

"चर्चा म्हणजे आधी अध्यक्ष लागतो," काका खाली येऊन खुर्चीत बसत म्हणाले. "मग स्वागत, मग प्रास्ताविक. आणि आभार. चर्चा एखादे वेळी नसली तरी भागतं, आभार हवेत."

"गप्प पोरांना आधी हसवायचं," काकू दारातून म्हणाल्या. "आमच्या धाकट्याला मी गुदगुल्या करायची."

"काकू, ती नववीत आहे."

"गुदगुल्यांना वय नसतं गं."

बाबा पेपरमागून म्हणाले, "सगळ्यांनी बोललंच पाहिजे, हा काय अट्टहास? या घरात मी किती वर्षं..."

"तुम्हाला कोणी अडवलंय बोलायला?" आई म्हणाली.

"बघ," बाबा चिमणीला म्हणाले आणि पुन्हा पेपरात गेले.

या सगळ्यातून चिमणीने स्वतःचंच खरं केलं. तीन नियम ठरवले. पहिला, सगळ्यांनी गोल बसायचं, म्हणजे शेवटचा बाक नावाची वस्तूच उरणार नाही. दुसरा, ज्याच्या हातात डस्टर, त्यानेच बोलायचं. तिसरा नियम तिला स्वतःलाच इतका आवडला की ती तो म्हणताना खुर्चीवर उभी राहिली. ज्याला जी भाषा येते त्या भाषेत बोलावं. कळली नाही तर शेजारच्याने सांगावं. नवीला तिच्या भाषेत बोलता आलं तर ती का नाही बोलणार?

दुसऱ्या दिवशी पहिल्या नियमासाठी ती शाळेच्या ऑफिसात गेली.

"बाक हलवायचेत?" कारकुनांनी चष्म्यावरून पाहिलं. "कशासाठी?"

"वर्तुळ करायचंय."

"कायमचं की तात्पुरतं?"

"एका तासापुरतं."

"बाक कसे आहेत?"

"लाकडी."

"आकाराने कसे आहेत ते विचारतोय. लांबट आहेत. लांबट बाकांचं वर्तुळ होत नाही. उद्या तपासणीला कोणी आलं आणि म्हणालं, परवानगी वर्तुळाची आणि हे तर दिसतंय लंबगोल, तर उत्तर कोण देणार? तू?"

देऊ शकले असते, असं चिमणीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तिने मान खाली घालून अर्ज पुन्हा लिहिला: लंबगोलास परवानगी मिळावी. मिळाली. त्यावर शिपाईकाका वर्गात येऊन पावलांनी मोजमाप करून म्हणाले, "लंबगोल या वर्गात मावत नाही. दोन बाक व्हरांड्यात जाणार. आणि व्हरांडा माझा आहे."

"काका, मग ती दोन मुलं खिडकीतून चर्चा करतील."

"त्या बाजूची खिडकी उघडत नाही. मी लागलो त्याच्या आधीपासून उघडत नाही. एकच झडप उघडते, तिच्यातून एकेकाने डोकं घालायचं."

"चालेल," चिमणी म्हणाली. तिच्या त्या आठवड्यातला हा सगळ्यात वापरलेला शब्द होता.

तिसऱ्या नियमासाठी तिने वर्गात प्रत्येकाला गाठून विचारलं, घरी कोणती भाषा बोलता? तिला वाटलं होतं दोन-तीन निघतील. निघाल्या सात, आणि एक अर्धी. आजवर शेजारी बसून ज्यांची खोडरबरं वापरली त्यांच्या घरी काय बोलतात हे तिला माहीतच नव्हतं. एक म्हणाला, आईची वेगळी, बाबांची वेगळी, आणि भांडण तिसऱ्याच भाषेत, कारण ती आम्हाला कळत नाही असं त्यांना वाटतं. ताडमाड म्हणाली, "आमच्याकडे कोणी बोलत नाही, टीव्ही लावतात." अर्धी भाषा तिचीच.

राहिला विषय. तो काही केल्या सुचेना. "मला जमतच नाहीये," चिमणी डोकं धरून म्हणाली, "काय करू?" त्यावर चष्मिष शांतपणे म्हणाली, "हाच ठेव की. एखादी गोष्ट जमत नसेल तर काय करायचं?" चिमणीने तिला अशी मिठी मारली की चष्मा वाकडा झाला.

आता उरली नवी. तिला मधल्या सुट्टीत विचारावं तर ती डबा घेऊन गायब व्हायची. म्हणून बुधवारी संध्याकाळी चिमणी थेट तिच्या घरी गेली. सायकलच्या दुकानावर दोन खोल्या, जिना इतका अरुंद की दप्तर आडवं धरावं लागलं. दार नवीच्या आईने उघडलं आणि इतकं छान हसली की चिमणीला धीर आला.

समोरच्याला आपली भाषा कळत नाही म्हटल्यावर माणसं जे करतात तेच चिमणीने केलं. ती ओरडून बोलू लागली. "मी! वर्गातली! मैत्रीण!" नवीच्या आईला वाटलं, या लोकांत पाहुण्यांनी असंच बोलायची पद्धत असेल. तिनेही मान राखायला तितक्याच मोठ्याने उत्तर दिलं. खालचा सायकलवाला वर येऊन बघून गेला.

आतल्या खोलीत नवीचे आजोबा खुर्चीत बसले होते. त्यांचे पाय धरत नव्हते, हे कोपऱ्यात टेकवून ठेवलेल्या काठीवरून कळत होतं. त्यांनी खुर्चीचे हात धरले, अर्धे उठले आणि धप्पकन खाली बसले. आणि नवीची आई काय म्हणाली असेल? हसून म्हणाली, "चेष्टा, चेष्टा!"

चिमणीचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. आजोबा पुन्हा उठायला गेले, पुन्हा बसले. आता नवीसुद्धा म्हणाली, "चेष्टा!" आणि वर टाळ्या. बिचारे आजोबासुद्धा हसत होते. सवय झाली असावी. तिसऱ्या वेळी ते लटपटत्या पायांवर सरळ उभे राहिले. हे चिमणीच्या डोळ्यांनी पाहिलं, पण डोक्यापर्यंत पोचलं नाही, कारण डोकं संतापायच्या कामात गुंतलं होतं. म्हातारं माणूस पडतंय आणि घरचे उघड उघड त्याची चेष्टा करतायत. कमाल झाली.

एवढ्यात उभ्या उभ्या आजोबांनी नवीला काही विचारलं. त्यातला एकच शब्द चिमणीला कळला: 'शिक्षा'. नवीने खाली बघत मान हलवली. हो. म्हणजे शाळेत शिक्षा झाली का, हे या घरात रोज विचारतात तर. चिमणीने चर्चेचं आमंत्रण कसंबसं ओरडून सांगितलं, शुक्रवारी, गोल, डस्टर, आणि तिथून निघाली.

घरचा जिना चढता चढता तिने आईला खालूनच सांगितलं, "अगं, त्यांच्याकडे आजोबांची चेष्टा करतात. तोंडावर. टाळ्या वाजवून." समोरचं दार चार बोटं उघडं होतं.

गुरुवारी सकाळी बातमी पहिल्या मजल्यावर पोचली तेव्हा आजोबांना टाळ्या वाजवून नाचवत होते. दुपारपर्यंत त्यांना उपाशी ठेवायला लागले. संध्याकाळी वरचे काका एक कागद घेऊन आले. "विषय: वयोवृद्ध व्यक्तीच्या छळाबाबत," त्यांनी वाचून दाखवलं. "मुलगी तुमच्या शाळेत आहे, म्हणजे हेडसरांच्या कानावर घातलं पाहिजे. शुक्रवारी ते तुझ्या चर्चेला आहेतच. मी येतो."

"काका, मी नीट चौकशी केली नव्हती," चिमणी म्हणाली.

"चौकशी नंतर असते. आधी तक्रार."

"पण ते आजोबा हसत होते."

"हसत होते, असंही लिहू," काकांनी उदारपणे सांगितलं आणि कागदावर लिहिलं: पीडित व्यक्ती मानसिक धक्क्याने हसत असते.

त्या रात्री चिमणी जेवताना एक शब्द बोलली नाही. आईने तिच्या कपाळाला हात लावून बघितला. नवीला चार शब्द बोलायला लावायला निघालेल्या चिमणीच्या चार शब्दांनी आता नवीचं अख्खं घर अडचणीत येणार होतं. तोंड उघडण्याचा हा पैलू वक्तृत्व स्पर्धेत कोणी शिकवला नव्हता.

शुक्रवारी लंबगोल मात्र देखणा झाला. दोन मुलं व्हरांड्यात, उघडणाऱ्या झडपेतून आळीपाळीने डोकं घालत. हेडसरांची खुर्ची कुठेच मावेना, म्हणून ती लंबगोलाच्या बरोबर मध्यभागी ठेवली. आता जो बोलेल त्याच्याकडे तोंड करायला त्यांना दर वेळी खुर्ची उचलून फिरावं लागत होतं, आणि तिसऱ्या वक्त्यानंतर त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. बाई शब्द दिल्याप्रमाणे गप्प बसल्या होत्या. त्यांना ते जड जात होतं हे त्यांच्या मानेच्या शिरांवरून दिसत होतं. दाराशी वरचे काका, हातात फाईल. त्यांच्या मागे समोरच्या काकू. हवा यावी म्हणून आल्या असाव्यात.

"एखादी गोष्ट जमत नसेल, तर काय करायचं?" चिमणीने विचारलं आणि डस्टर फेरीला सोडलं.

आणि काय सांगावं, चर्चा उडाली. डस्टरमधून खडूची धूळ उडत होती, दर दुसरा माणूस शिंकत होता, पण कोणी थांबेना. कोणी म्हणालं, आईला सांगायचं. कोणी म्हणालं, शेजारच्याचं बघायचं. त्यावर बाईंनी तोंडावर हात धरला. वर्षभर फक्त 'हजर' म्हणणारा एक मुलगा उठला आणि त्याच्या घरच्या भाषेत, हातवारे करत, दम लागेपर्यंत बोलला. सगळे श्वास रोखून त्याच्या शेजाऱ्याकडे बघू लागले. शेजारी म्हणाला, "तो म्हणतो, पोहायला गेलो. बुडालो."

"एवढंच?" हेडसरांनी खुर्ची फिरवत विचारलं.

"बाकीचं तपशील आहे, सर."

वर्ग खदखदून हसला, तो मुलगाही हसला, आणि परत उठून म्हणाला, यावेळी शाळेच्या भाषेत, "मग वाचलो. ते राहिलं." हेच. अगदी हेच चिमणीला हवं होतं. एका डस्टरच्या फेरीत सात भाषा खोलीत फिरून आल्या होत्या आणि छत जागच्या जागी होतं.

मग डस्टर नवीच्या हातात आलं.

नवीने डस्टर दोन्ही हातांनी घट्ट धरलं. हेडसरांनी खुर्ची उचलली, फिरवली, ठेवली. व्हरांड्यातल्या दोघांनी एकाच झडपेतून दोन डोकी घातली आणि ती तिथेच अडकली. नवीने चिमणीकडे पाहिलं. चिमणीने मान हलवली, सांग.

"जमत नाही," नवी हळूच म्हणाली, "तर... चेष्टा."

कोणीतरी फिस्सकन हसलं.

"पडलं तर परत चेष्टा," नवी म्हणाली. ती थांबली नाही. "रोज चेष्टा."

आता सगळा वर्ग हसत होता. बाईंचा मौनाचा बांध फुटला. त्या उभ्या राहिल्या. "पाहिलंत सर? पहिल्या दिवशीही हेच. मी विचारलं, उत्तर का देत नाहीस? तर माझ्याकडे सरळ बघून म्हणते, चेष्टा करते आहे. तासभर बाहेर उभी केली होती मी."

"हाच प्रकार घरीही चालतो, साहेब," दारातून काका म्हणाले आणि त्यांनी फाईल उघडली. "वयोवृद्ध व्यक्तीची..."

नवीचं डोकं खाली खाली जात होतं. डस्टर तिच्या हातून सुटलं. आणि ते जमिनीवर आपटलं तेव्हा चिमणीच्या डोक्यात, दोन दिवस जे डोळ्यांत अडकून राहिलं होतं, ते एकदम पोचलं. आजोबा. धप्पकन बसले, चेष्टा. पुन्हा बसले, चेष्टा. आणि मग उभे राहिले.

"थांबा," चिमणी म्हणाली. डस्टर तिच्या हातात नव्हतं. नियम तिचाच होता, तिनेच मोडला. "काका, एक मिनिट. बाई, तुम्हीपण." ती नवीपाशी गेली, आणि या खेपेला ओरडली नाही. "आजोबा उठत होते तेव्हा तू चेष्टा म्हणालीस. ती कशी असते? करून दाखवतेस?"

नवीने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग ती उठली, लंबगोलाच्या मधून, हेडसरांच्या खुर्चीला वळसा घालून, न उघडणाऱ्या खिडकीपाशी गेली. दोन्ही तळहात लावून तिने ढकललं. खिडकी हलली नाही. नवी वर्गाकडे वळली आणि बोट वर करून म्हणाली, "चेष्टा." पुन्हा ढकललं. कुरकुर झाली. "चेष्टा." आता तिने खांदा लावला. पोहायला जाऊन बुडालेला मुलगा कुजबुजला, "चेष्टा." मग ताडमाड. मग चष्मिष. मग सगळा लंबगोल एका सुरात, "चेष्टा, चेष्टा," आणि दाराशी उभ्या शिपाईकाकांची मूठ आपोआप वळली, आणि खिडकी उघडली.

उघडली म्हणजे काय, वर्षानुवर्षांची धूळ घेऊन उघडली. अर्धी हेडसरांच्या डोक्यावर, अर्धी काकांच्या फाईलवर. शेजारच्या झडपेत अडकलेली दोन डोकी मोकळी झाली.

बाई अजून उभ्याच होत्या. "प्रयत्न," त्या अगदी हळू म्हणाल्या. "तिच्या भाषेत चेष्टा म्हणजे प्रयत्न. ती मला सांगत होती, बाई, मी प्रयत्न करते आहे." त्या खाली बसल्या. "आणि मी तिला शिक्षा केली."

'शिक्षा' ऐकून नवीने मान वर केली. धुळीने पांढऱ्या झालेल्या हाताने तिने फळा दाखवला, पुस्तकं दाखवली, बाईंना दाखवलं. "आमच्याकडे शिक्षा म्हणजे हे. शिकणं. आजोबा रोज विचारतात, आज शिक्षा मिळाली? पहिल्या दिवशी मी म्हटलं, हो, एक तास." ती थांबली आणि पहिल्यांदाच हसली. "आजोबा खूप खूश झाले."

यावर आधी कोण हसलं हे सांगता येणार नाही, पण बाई हसता हसता डोळे पुसत होत्या हे सगळ्यांनी पाहिलं. मग त्या उठल्या, नवीच्या बाकावर जाऊन तिच्या शेजारी बसल्या, आणि त्यांनी तिला तिचं नाव विचारलं. नवीने सांगितलं. बाईंनी म्हणून बघितलं, चुकलं. नवी म्हणाली, "चेष्टा." बाईंनी परत म्हटलं. तिसऱ्यांदा बरोबर आलं.

हेडसरांनी केसांतली धूळ झटकली. "आठवीचं राहू द्या," ते म्हणाले. "ही खिडकी मी इथे शिकत होतो तेव्हापासून बंद होती."

तेवढ्यात कोणीतरी उचललेलं डस्टर फिरत फिरत काकांच्या हातात आलं. नियम तो नियम. काकांनी घसा साफ केला, आपल्या कागदाकडे पाहिलं, तो चार घड्या करून खिशात घातला, आणि म्हणाले, "आभार." काकू मात्र डस्टर हातात न घेताच जिन्याच्या दिशेने निघाल्या होत्या, इमारतीत बातमी दुरुस्त करायची होती आणि वेळ थोडा होता.

त्या संध्याकाळी घरात नुसता आनंद होता. हेडसरांनी चिमणीचं नाव आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेसाठी स्वतः सुचवलं होतं. बाबांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला, ही घटना घरात क्वचित घडते. आईने स्पर्धेसाठी विषयसुद्धा काढून ठेवले होते.

"आई, बाबा, मी एक ठरवलंय," चिमणी खुर्चीवर उभी राहून म्हणाली.

"खाली बसून ठरवता येत नाही का गं?" आई म्हणाली.

"मी स्पर्धेला जाणार, पण एकटी नाही. दोघींनी एकत्र बोलायला परवानगी मिळेपर्यंत मी त्या कारकुनांना सोडणार नाही. ती तिच्या भाषेत बोलणार, मी आपल्या. आणि त्यासाठी उद्यापासून रोज संध्याकाळी मी तिच्या घरी जाणार, तिची भाषा शिकायला. आजोबा शिकवणार आहेत. मी विचारून आले."

"कोणत्या भाषेत विचारलंस?" बाबांनी विचारलं.

"ओरडून. शेवटचंच."

आईने बाबांकडे पाहिलं. बाबांनी आईकडे पाहिलं. कपाटावर धूळ खात पडलेल्या चिमणीच्या बाजाच्या पेटीकडे मग दोघांनी पाहिलं, आणि कोपऱ्यातल्या स्केटिंगच्या बुटांकडेही, ज्यांनी जमीन एकदाच पाहिली होती. समोरचं दार चार बोटांचं सहा बोटं झालं.

"अख्खी भाषा म्हणजे गंमत नाही, चिमणे," आई म्हणाली. "जमेल का तुला?"

चिमणी खुर्चीवरून खाली उतरली, चेहरा शक्य तितका गंभीर केला, आणि म्हणाली,

"चेष्टा करीन."